अपघाताची वही : बेळगावजवळच्या हाडांच्या दवाखान्यातल्या प्रकल्प नोंदी

कुणी आपल्या दवाखान्यात हाडं मोडून येणाऱ्या रुग्णांची नोंदवही सुरू करणार असेल, तर त्याचे दोन-चार महिने तरी वाचावेत म्हणून हे लिहून ठेवतेय. मी डॉक्टर नाही, फिजिओथेरपिस्ट. दवाखाना चोवीस खाटांचा. दोन सर्जन (मोठे सर आणि धाकटे सर), बोलावल्यावर येणारे भूलतज्ज्ञ, पाच सिस्टर. रुग्ण बेळगाव-खानापूर तालुक्यातले, शिवाय महाराष्ट्रातल्या चंदगडकडचे, कारण त्यांना कोल्हापूरपेक्षा बेळगाव जवळ. एका अंगाला पुणे-बंगळूर महामार्ग, दुसऱ्या अंगाला गोव्याचा रस्ता. गिऱ्हाइकाला तोटा नाही, असं आमचा प्लास्टरवाला म्हणतो.

२ जून

राउंडला मोठ्या सरांनी सहज विचारलं, "गेल्या वर्षी उघड्या फ्रॅक्चरवाल्यांपैकी किती जणांना पू झाला?" (उघडं म्हणजे हाड मोडताना वरची कातडीही फाटलेली.) धाकटे सर म्हणाले, दोन. ड्रेसिंगच्या सिस्टर म्हणाल्या, "दोन कसले सर, सहा तरी मी रोज सोडून बांधत होते." माझ्याकडे गुडघा आखडून आलेले तिघे होते, ते दोघांच्याही मोजणीत नव्हते. मोठे सर काही बोलले नाहीत. संध्याकाळी मला बोलावून म्हणाले, "तुम्हीच करा हे. पेशंट सुटल्यावर सहा महिने तुमच्याकडेच येतो, आमच्याकडे टाके काढेपर्यंत."

५ ते ८ जून

जुन्या फायलींपासून सुरुवात करायची ठरवली. ही पहिली चूक. फायली जिन्याखालच्या खोलीत, आणि बिलाच्या नंबराप्रमाणे लावलेल्या. निदानाप्रमाणे नाहीत, तारखेप्रमाणेही नाहीत. खालच्या गठ्ठ्याला वाळवी लागलेली. चार संध्याकाळी बसून ऐंशीएक फायली उघडल्या. ऑपरेशनची नोंद बहुतेकांत होती. अपघात किती वाजता झाला हे जवळपास कुठेच नव्हतं. पू होऊ नये म्हणून द्यायचं अँटिबायोटिक इंजेक्शन कधी दिलं त्यापुढे "स्टॅट" एवढाच शब्द. स्टॅट म्हणजे लगेच. लगेच म्हणजे किती, ते देव जाणे.

मागचं सोडून दिलं. आजपासून पुढचेच रुग्ण घ्यायचे. तुम्हीही मागच्या वर्षात शिरू नका.

९ जून

फॉर्म केला. ६४ रकाने. मी जरा हुरळले होते. स्वीडनमध्ये गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांची नोंद १९७५ पासून आणि खुब्याच्या सांध्यांची १९७९ पासून ठेवतात, फ्रॅक्चरची वेगळी राष्ट्रीय नोंद २०११ पासून आहे, हे वाचून वाटलं की आपणही सगळं घ्यावं. वय, वजन, तंबाखू, साखर, हेल्मेट, वाहन कुठलं, समोरचं वाहन कुठलं, हाडाचा कोड, जखमेचा ग्रेड, स्क्रू किती, रक्त किती... छापून आणले शंभर.

१६ जून

आठवडाभरात अकरा रुग्ण. पूर्ण भरलेले फॉर्म दोन, आणि तेही मी स्वतः बसून भरलेले. रात्रपाळीच्या सिस्टरना विचारलं तर त्या शांतपणे म्हणाल्या, "मॅडम, पेशंट बघू की हे भरू?" उत्तर नव्हतं.

धाकट्या सरांनी एक युक्ती सांगितली, ती फार कामाची ठरली. प्रत्येक रकान्यावर बोट ठेवून विचारायचं: याचं उत्तर कळल्यावर आपण काय वेगळं करणार? नाही सांगता आलं की रकाना खोडायचा. वजन गेलं. स्क्रू गेले. समोरच्या वाहनाचा प्रकार गेला (तो नोव्हेंबरात परत घ्यावा लागला, त्याबद्दल पुढे). उरले सतरा. नाव-गाव सोडून म्हणाल तर: मार कधी लागला, दवाखान्यात कधी आला, आधी कुठे दाखवलं, कुठलं हाड, जखम उघडी का, पहिलं इंजेक्शन कधी, ऑपरेशन कधी, काय बसवलं, आणि पुढे सहा आठवडे, तीन महिने, सहा महिने, वर्ष.

"आधी कुठे दाखवलं" हा रकाना सरांना नको होता. मी धरून बसले. आमच्याकडे येणाऱ्यांतले बरेच जण आधी हाडवैद्याकडून बांबूच्या कामट्यांत बांधून येतात, आणि विचारलं की लाजून "नाही" म्हणतात. म्हणून प्रश्न फिरवला. "कुणाकडून बांधून घेतलं?" असं विचारलं की नाव, गाव, पैसे, सगळं सांगतात.

२० जून

गावांच्या नावांनी डोकं उठवलंय. शहराचं सरकारी नाव १ नोव्हेंबर २०१४ ला बदललं, पण माणसं बेळगाव म्हणतात, आधारवर बेळगावी, जुन्या रेशनकार्डावर तिसरंच स्पेलिंग. एकाच उचगावची आमच्या यादीत चार गावं झाली. बेळगुंदीची तीन. माणसांचंही तेच. कार्ड कन्नडमधून आलेलं, त्यावरून सिस्टर इंग्रजीत उतरवतात, आणि रिसेप्शनवरचा मुलगा मराठीत ऐकून लिहितो. एक महादेव दोन ठिकाणी दोन माणसं होऊन बसला. एकाचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं पेंडिंग.

गावं हाताने लिहिणं बंद केलं. तालुका निवडा, मग यादीतून गाव. यादी करायला दोन दिवस गेले. माणसाची ओळख म्हणजे आमचा क्रमांक, केस पेपरच्या उजव्या कोपऱ्यात लाल पेनाने. नावावरून कुणाला शोधायचं नाही.

२४ जून

आज पहिल्यांदा एक्सेलमध्ये वजाबाकी लावली. मार लागल्यापासून दवाखान्यात येईपर्यंत किती तास. एक आज्जी पडायच्या २९ दिवस आधी ॲडमिट झालेल्या निघाल्या. नीट बघितलं तर त्या अजून पडायच्याच होत्या, ६ जुलैला.

कारण साधं. रिसेप्शनच्या लॅपटॉपवर तारखा अमेरिकन पद्धतीने, महिना आधी. सात जून झाला सहा जुलै. बारा तारखेच्या पुढच्या तारखा मशीनला कळल्याच नाहीत, त्या नुसत्या अक्षरं म्हणून पडून राहिल्या. म्हणजे अर्ध्या तारखा उघड चुकलेल्या आणि अर्ध्या गुपचूप चुकलेल्या. गुपचूप चुकलेल्या जास्त वाईट. ३ जूनचा ६ मार्च झाला तर निदान डोळ्यांत भरतो, पण ५ जूनचा ६ मे झाला की खरोखरच कुणीतरी महिनाभर पाय ओढत हिंडला असेल असं वाटतं. आमच्याकडे तसे येतातही.

त्यात आकड्यांची भर. ड्रेसिंगच्या सिस्टर मराठी आकडे काढतात. मराठी एक आणि इंग्रजी नऊ, घाईत काढले की एकच. रात्री १-१० ला दिलेलं इंजेक्शन टायपिंगच्या मुलाने ९-१० चं केलं. आठ तासांचा फरक.

आणि घड्याळं! कॅज्युअल्टीतलं घड्याळ ओटीतल्या (ऑपरेशन थिएटरमधल्या) घड्याळापेक्षा अकरा मिनिटं पुढे. कधीपासून, कुणालाच माहीत नाही. दोन्ही मोबाईलला लावून घेतली, दोन्हींत नवे सेल घातले. आता चोवीस तासांची वेळ, इंग्रजी आकड्यांत, आणि रात्री बाराच्या पुढचं सगळं दुसऱ्या तारखेत. "काल रात्री" हे शब्द बंद. पहिल्या तीन आठवड्यांच्या वेळांवर विसंबता येत नाही, म्हणून त्या गाळल्या. जिवावर आलं.

१ जुलै

एक्सेल सोडून कोबोटूलबॉक्स या फॉर्म भरायच्या ॲपवर गेलो. फुकट आहे, नेट नसताना फोनवर भरता येतं, नेट आलं की वर जातं. पावसाळ्यात आमच्याकडे वीज आणि नेट हातात हात घालून जातात, त्यामुळे हे मोठंच. एकच फॉर्म मराठी, कन्नड, इंग्रजी तिन्ही भाषांत ठेवता येतो, ज्याला जी येते ती. मार लागायच्या आधी ॲडमिशन टाकलं तर पुढेच जाऊ देत नाही, अशी अट घालता येते. अट लिहायला एक पूर्ण रविवार गेला, कंस कुठे बंद करायचा ते कळेना.

जुना टॅब घेतला, चार हजार दोनशे. तिसऱ्या दिवशी चार्जर गायब. नवा आणला, साडेतीनशे, आणि वायर टेबलाच्या पायाला प्लास्टरच्या पट्टीने गुंडाळून टाकली. आमच्याकडे पट्टीला तोटा नाही.

१० जुलै

परवानगीचा कागद. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आल्यापासून सर काळजीत होते. मराठी मजकूर मी लिहिला, कन्नड एका सिस्टरनी. माझ्या मजकुरात "आपली माहिती गोपनीय राखली जाईल" असं होतं. त्यांनी वाचून विचारलं, "गोपनीय म्हणजे काय सांगू त्यांना?" मग लिहिलं: तुमचं नाव आम्ही वेगळ्या कपाटात ठेवतो, मोजायच्या यादीत फक्त नंबर असतो, नको म्हणालात तरी उपचार हेच मिळतील. आतापर्यंत एकानेच नको म्हटलं, त्याच्यावर पोलीस केस होती. बरोबरच आहे त्याचं.

एक्स-रेचे फोटो सर्जनांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नावासकट जायचे, ते बंद केलं. मोठे सर दोनदा विसरले. मी दोनदा आठवण केली.

२१ जुलै

आज जे निघालं त्यासाठीच बहुधा हे सगळं केलं.

उघड्या फ्रॅक्चरला अँटिबायोटिक जितकं लवकर तितका पू होण्याचा धोका कमी. तासाच्या आत द्यावं असा सगळीकडचा दंडक. आमची समजूत होती की आपण देतोच, पेशंटच उशिरा येतात. खात्रीची वेळ असलेले आठ रुग्ण होते. तासाच्या आत इंजेक्शन मिळालेले तीन.

सरांचा विश्वास बसेना. मग एकच केस घेतली. जांबोटीकडचा मोटरसायकलवरचा मुलगा, नडगीचं हाड बाहेर आलेलं. २१:४० ला दारात, इंजेक्शन ००:२५ ला. सिस्टर, त्याचा मामा आणि मी असे बसलो आणि मधली प्रत्येक गोष्ट लिहून काढली. केस पेपर काढायला दहा मिनिटं. एमएलसीची, म्हणजे पोलिसांना कळवायची, नोंद. एक्स-रेला अर्धा तास, कारण टेक्निशियन जेवायला गेलेला. चिठ्ठी हातात पडली २२:३५ ला. समोरचं मेडिकल दहाला बंद. मामा स्कूटरवरून दुसरं शोधत गेले, तिथे गूगल पे चालेना, मग एटीएम. परत आले तेव्हा बारा वाजून गेले होते. मामा म्हणाले, "मला कुणी सांगितलंच नाही की एवढी घाई आहे. मला वाटलं ऑपरेशनला लागंल."

कुणी हयगय केली नव्हती. प्रत्येकाने आपापलं काम केलं होतं. इंजेक्शन मात्र पावणेतीन तास रस्त्यावर फिरत होतं.

२३ जुलै ते ९ ऑगस्ट

डबा केला. स्टीलचा, जेवणाचा असतो तसला. आत सेफाझोलिन (हेच ते अँटिबायोटिक), धनुर्वाताचं इंजेक्शन, सिरिंजा, सलाईन, निर्जंतुक गॉझ. झाकणावर चिकटपट्टी लावून लिहिलं: आधी औषधाची ॲलर्जी विचारा, मग द्या, मग वेळ लिहा. चिठ्ठी, फाईल, ॲडव्हान्स सगळं नंतर. एक डबा भरायला पावणेतीनशे रुपये पडतात, डब्याची किंमत वेगळी. तीन केले.

पहिली भांडणं हिशेबाची. औषधांचा हिशेब बघणारे म्हणाले, बिल नसताना औषध कसं देणार, आणि पेशंट रात्रीच दुसरीकडे हलवला तर पैसे कुणाचे? मोठे सर म्हणाले, माझे. तेवढ्यावर मिटलं. अजूनपर्यंत दोनच डब्यांचे पैसे बुडालेत.

दुसरी अडचण जास्त खरी. ३ ऑगस्टला रात्री डबा उघडला तर रिकामा. सिरिंजा वॉर्डात लागल्या म्हणून कुणीतरी नेल्या, इंजेक्शनही गेलं. त्या रुग्णाला पुन्हा दोन तास. आता झाकणावर पांढरी पट्टी आणि तिच्यावर सही-तारीख. पट्टी फाटलेली दिसली की सकाळची सिस्टर पहिल्यांदा डबा भरते, मग चहा. तेव्हापासून रिकामा सापडलेला नाही.

यातच एक रकाना बदलला. जखमेचा ग्रेड रात्रीचे ड्युटी डॉक्टर कॅज्युअल्टीत लिहायचे. गुस्टिलो-अँडरसनची ही प्रतवारी १९७६ ची: एक सेंटिमीटरपर्यंत पहिला ग्रेड, दहापर्यंत दुसरा, पुढे तिसरा. बाहेरून सेंटिमीटरभर दिसणारी जखम ओटीत उघडली की आत स्नायूचा चेंदामेंदा, शेतातली माती, पँटचा तुकडा. ग्रेड आता ओटीतच, जखम धुऊन झाल्यावर सर्जनने लिहायचा.

२९ ऑगस्ट

गणपती. मंगळवारपासून एकही नोंद नाही. अर्धा स्टाफ गावी, मीही दोन दिवस आरत्यांत. दोष कुणाला देणार?

ओटीच्या रजिस्टरवरून भरून काढू म्हणून बसले तर वेगळंच दिसलं. ओटीत गेलेले सापडले, पण कोल्हापूरला हलवलेला एक, प्लास्टर करून घरी पाठवलेले दोन आणि दारातच दगावलेला एक, हे चौघे कुठेच नव्हते. म्हणजे आतापर्यंतही असे निसटलेच असणार. आमच्या वहीत फक्त आम्ही ऑपरेशन केलेले लोक होते, आणि त्यांच्यावरून आम्ही आपली पाठ थोपटून घेतली असती.

दर शनिवारी आता तीन वह्या शेजारी मांडते: कॅज्युअल्टीची, ओटीची, आणि इम्प्लांटचे (बसवलेल्या प्लेट-सळईचे) स्टिकर चिकटवतो ती. तिन्ही जुळेपर्यंत उठायचं नाही. पाऊण तास लागतो. हा पाऊण तास वाचवू नका.

१२ सप्टेंबर

खुबा मोडलेल्या म्हाताऱ्या माणसांचा उशीर. माझी आणखी एक चूक इथे सापडली. "उशीर" असा एकच रकाना ठेवला होता, पडल्यापासून ऑपरेशनपर्यंत. सरासरी भयंकर आली, आणि सरांनी लगेच सांगितलं, "बघा, लोक घरीच बसतात."

ते खोटं नाही. येळ्ळूरच्या एका आज्जींना चार दिवस हळद-चुना लावून ठेवलं होतं. "मुरगळलंय वाटलं. म्हातारी हलवू नगा म्हणूलालती." पण घरचा उशीर आणि आमचा उशीर एका टोपलीत घातला की आमचा लपतो. म्हणून दोन घड्याळं केली: पडल्यापासून दारापर्यंत, दारापासून ओटीपर्यंत. ब्रिटनमध्ये खुब्याच्या फ्रॅक्चरची राष्ट्रीय नोंद २००७ पासून आहे आणि २०१० पासून ३६ तासांत ऑपरेशन वगैरे निकष पाळले की रुग्णालयाला जादा पैसे मिळतात. आम्हाला कोण देतंय. पण ३६ चा आकडा उसना घेतला.

दुसऱ्या घड्याळात शुक्रवार-शनिवारी आलेले सगळे अडकलेले. कारण इको. हृदयाची सोनोग्राफी करणारे सोमवारी येतात. भूलतज्ज्ञांना यादी दाखवली, जरा भीतभीतच. ते म्हणाले, "प्रत्येकाला इको मी कधी मागितला? तुम्ही आधीच करून ठेवता." म्हणजे आम्ही त्यांच्यासाठी थांबत होतो आणि ते आमच्यासाठी. आता शनिवारी आलेल्या रुग्णाला ते त्याच दिवशी येऊन तपासतात आणि इको खरंच हवा का ते स्वतः लिहितात.

पैशांच्या जुळवाजुळवीसाठी लागणारा वेळ मात्र तसाच आहे. तिथे आमचं काही चालत नाही.

१७ ऑक्टोबर

दिवाळीच्या आत सहा आठवड्यांचे आणि तीन महिन्यांचे फोन संपवायचे होते. चाळीस नंबर. पहिल्या फेरीत लागले एकवीस.

ॲडमिशनला घेतलेला नंबर म्हणजे ज्याने पेशंट आणला त्याचा. भाचा, ट्रॅक्टरचा मालक, एकदा तर रस्त्यात थांबलेला अनोळखी माणूस. त्या बिचाऱ्याने विचारलं, "तो वाचला का?" त्याला तेवढंही कुणी कळवलं नव्हतं. वाचला होता. सांगितलं.

आता तीन नंबर घेतो: रुग्णाचा, घरातल्या बाईचा, आणि शेजारचा किंवा दुकानाचा. घरातल्या बाईचा नंबर सहसा बदलत नाही. फोन संध्याकाळी सात ते साडेआठ. दुपारी माणूस शेतात असतो. फोन न लागणं हीसुद्धा नोंदच, तारखेसकट लिहायची, कोरी जागा सोडायची नाही.

न येणाऱ्यांबद्दल माझा समज होता की बरे झाले म्हणून येत नाहीत. काही खरोखर बरे होते. "मॅडम, पाय बराय, चालूलालोय की." पण दोघांनी दुसरीकडे पुन्हा ऑपरेशन करून घेतलं होतं. चंदगडकडच्याला गडहिंग्लज सोयीचं पडलं. दुसरा आपल्याच सीमाभागातला. महाराष्ट्र सरकारने महात्मा फुले योजना इकडच्या ८६५ गावांना लागू केलीय, त्यात त्याचं गाव बसलं आणि तो कोल्हापूरला गेला. त्यांचं काही चुकलं नाही. पण आमच्या खात्यावर ते "तक्रार नाही" म्हणून बसले होते. धाकटे सर ऐकून बराच वेळ पेन उघडबंद करत राहिले.

आत सळई किंवा प्लेट असेल तर पू होतो का ते ९० दिवस बघायचं असतं. टाके काढले की झालं, असं धरून चाललो असतो तर हे दोघेही निसटले असते.

१४ नोव्हेंबर

ऊस सुरू झाला. संध्याकाळी साडेसहा ते नऊ, मोटरसायकल आणि उभी ट्रॉली. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर उसाच्या पाल्याखाली झाकलेला. खोडलेला रकाना परत घेतला: कशावर आदळला, ते उभं होतं की चालतं. बोटाच्या नियमाने बघितलं तर यावर आम्ही दवाखान्यात काही वेगळं करणार नाही. पण नडगी आणि मांडी एकाच माणसाची मोडलेली रोज बघितल्यावर नियम जरा वाकवला. रस्त्यांच्या अपघातांची पोलिसांकडची नोंद ऑनलाइन होते, पण त्यात पेशंट तीन महिन्यांनी चालतो की नाही हे नसतं. ते फक्त आमच्याकडे.

नंबर, नाव काही न देता नुसती मोजणी करून एका कचेरीला पत्र दिलं. पोच मिळाली. पुढे काही नाही.

ऊसतोड करणाऱ्यांचा प्रश्न सुटलेला नाही. बीडकडून आलेली टोळी हंगाम संपला की गावी जाते. आता त्यांच्या मुकादमाचाही नंबर घेतो. बघू.

९ डिसेंबर

फोनवर "बरं आहे" याचा अर्थ काहीही असतो. कुबडी घेऊन चालणाराही बरं आहे म्हणतो, कारण समोरून दवाखाना बोलतोय.

यावर उपाय सापडला तो सरांच्या एका जुन्या मित्राकडून. अमेरिकेतली साइन नावाची संस्था गरीब देशांतल्या सर्जनांना मांडी-नडगीच्या सळया देते आणि बदल्यात रुग्णांची नोंद मागते. त्या नोंदीत एक फोटो असतो: रुग्णाने उकिडवं बसायचं आणि हसायचं. बस. हाड जुळलं नसेल, गुडघा वाकत नसेल, दुखत असेल, तर माणूस बसू शकत नाही, आणि बसला तरी हसत नाही. आमच्याकडे तर हीच खरी परीक्षा. संडास, चूल, भांगलण, सगळं उकिडवं बसून.

व्हिडिओ कॉल सुरू केले. पहिला जांबोटीचाच मुलगा. अंगणात मामाने फोन धरला, याने लुंगी सावरली, भिंतीला हात लावून खाली गेला. अर्ध्यावर थांबला. मी म्हटलं, राहू दे. तो म्हणाला, "थांबा की मॅडम." टाच उचलली गेली, पण बसला. हसला नाही. मी लिहिलं: बसतो, टाच टेकत नाही, हसू नाही. दुसऱ्या दिवशी बोलावून घोट्याचे व्यायाम नव्याने लावले. सहा महिन्यांनीही मी त्याला "चालतो" एवढंच लिहून सोडलं असतं.

खुबा मोडलेल्या वयस्करांना मात्र उकिडवं बसायला सांगू नका. त्यांना एवढंच विचारते: घरातल्या घरात कुणाचा हात न धरता संडासला जाता का.

२७ डिसेंबर

खर्च, विचारणारे विचारतात म्हणून. टॅब ४,२००. चार्जर ३५०. वाया गेलेले ६४ रकान्यांचे फॉर्म ६००. डबे आणि पहिला भरणा १,४००. फोनचा रिचार्ज सात महिने २,१००. घड्याळाचे सेल ४०. सगळे मिळून ८,६९०. यात माझा वेळ नाही. तो आठवड्याला पाच-सहा तास जातो, आणि तोच खरा खर्च आहे. कुणाला तरी पगारातला वेळ मोजून दिल्याशिवाय हे चालणार नाही. मी सरांकडून शनिवारची ओपीडी अर्धी कमी करून घेतली, तीही भांडून.

१० जानेवारी

राउंडला मोठ्या सरांनी जूनमधला तोच प्रश्न विचारला. उत्तर दिलं. डबा आल्यापासूनच्या उघड्या फ्रॅक्चरपैकी तीन सोडून सगळ्यांना तासाच्या आत इंजेक्शन मिळालं. तिघांपैकी एक त्या रिकाम्या डब्याचा, दोन असे की जखम एवढीशी होती की उघडी आहे हे एक्स-रेनंतर लक्षात आलं. पू किती जणांना? डब्याआधी दोन, नंतर दोन. धाकटे सर म्हणाले, नंतरचे पेशंट जास्त आहेत, म्हणजे कमी झालं. मी म्हटलं, एवढ्या थोड्या माणसांवरून असं म्हणता येत नाही, आणि नंतरच्यांतल्या सगळ्यांचे ९० दिवसही भरलेले नाहीत. ते थोडे नाराज झाले. ड्रेसिंगच्या सिस्टर म्हणाल्या, माझ्या आठवणीतही दोनच आहेत. पहिल्यांदाच आमचे आकडे जुळले.

उद्या पाच फोन आहेत. दोन तीन महिन्यांचे, दोन सहा महिन्यांचे, आणि नंदगडच्या एका आज्जींचा, ज्यांचा घरचा नंबर बंद आहे. तिसरा नंबर किराणा दुकानाचा लिहिलाय. दुकान सकाळी आठला उघडतं.